विरजण कुणाकडे मागू?

(पत्र थोडक्यात: वय 67. ठाण्यात नौपाड्यातल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत 41 वर्षं संसार केला. इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा मुलाने तिथली जागा विकून घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. यजमान त्याआधीच गेले. आता दर मंगळवारी टीएमटीच्या बसने जाऊन जुन्या जागेभोवतीच्या पत्र्यांसमोर उभ्या राहतात. मुलगा चिडतो, "आई, तिथे खड्ड्याशिवाय आहे काय?" विचारतात, माझं डोकं फिरलंय का?)

ताई,

डोकं ठिकाणावर आहे तुमचं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कुणी उगाच तासभर बसत नाही. पण मुलगाही खोटं बोलत नाही, तिथे खड्डाच आहे. म्हणून मंगळवार सोडू नका, फक्त पत्र्यांपाशी पाच मिनिटं थांबा आणि पुढे चालू लागा. कौपिनेश्वराचं दर्शन, जांभळी नाक्याची भाजी. यजमान ज्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणायचे ते 1893 पासून ठाण्यात आहे. तिथे आता तुमच्या नावाने वर्गणी भरा. पुस्तक बदलायला निघालेल्या आईला कुठला मुलगा अडवतो?

एक मात्र बोलते, राग मानू नका. आठवणीतले जिने चढताना गुडघे दुखत नाहीत. यजमानांना शेवटच्या दिवसांत खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं, असं तुम्हीच लिहिलंय. तेही त्याच घरातलं. ते वगळून घर आठवलंत, तर लिफ्टचा राग येतच राहणार.

बाकी तुमचं खरं दुखणं मला पत्राच्या शेवटच्या ओळीत सापडलं: "इथे विरजण मागायला कुणी नाही." खालच्या मजल्यावरच्या वहिनींची वाटी कधी रिकामी परत गेली नाही, म्हणता. इथे मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. पण ताई, सात महिन्यांत तुम्ही तरी कुणाची बेल वाजवलीत?

शनिवारी संध्याकाळी दूध कोमट करून ठेवा आणि समोरच्या दारी जा. वाटी स्टीलची न्या, काचेची दिली की माणसं जपत बसतात. तिच्याकडे पाकिटातलं दही निघालं तर नाक मुरडू नका, चमचाभर घ्या. दही नीट लागलं, तर रविवारी त्याचीच कढी करा आणि तीच वाटी भरून परत द्या. कढीपत्ता जांभळी नाक्याचा.