बिझनेस की क्रिएटर ते नंतर, आधी पेज कोणाच्या ताब्यात ते बघा

"एजन्सी म्हणते तुम्ही फक्त लोगो आणि फोटो द्या, खाती सगळी आम्ही उघडतो. इन्स्टाग्रामवर बिझनेस घ्यावं की क्रिएटर, एवढंच सांगा." तुमचं हे वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्या धंद्याची गाडी याच वळणावर अडकली होती.

विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो. दोन्ही प्रकार प्रोफेशनलच, दोन्ही फुकट, आणि आज घेतलेला प्रकार उद्या सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो. आकडेवारी दोन्हीत दिसते, जाहिराती दोन्हीतून करता येतात, प्रायव्हेट दोन्ही ठेवता येत नाहीत. खरा फरक जाणवतो तो रीलच्या गाण्यांत. बिझनेस खात्याला गाजलेली गाणी बहुतेक मिळत नाहीत, कारण त्यांचे परवाने व्यावसायिक वापरासाठी नसतात. म्हणून बरेच जण गाण्यांपुरते क्रिएटर होतात. माझ्या मते वस्तू विकणाऱ्याने हा खेळ करू नये. खात्याचा प्रकार बदलला म्हणून जाहिरातीत गाणं वापरायचा हक्क मिळत नाही. तुम्ही बिझनेस घ्या आणि विषय संपवा.

खरी गोम फेसबुक पेजची आहे. पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो, ते कोणाच्या तरी प्रोफाइलवरून चालतं, आणि बिझनेस पोर्टफोलिओत (पूर्वीचं बिझनेस मॅनेजर, म्हणजे धंद्याची पेजं, जाहिरात खाती आणि कोणाला काय परवानगी ते एकत्र सांभाळायची फेसबुकची जागा) टाकलं की त्या पोर्टफोलिओच्या मालकीचं होतं. एका पेजचा मालक एकच पोर्टफोलिओ, बाकीचे सगळे पार्टनर, म्हणजे मालकाने दिलेल्या परवानगीपुरते. आमच्या एजन्सीने पेज स्वतःच्या पोर्टफोलिओत उघडलं आणि आम्हाला कामापुरती परवानगी दिली. आम्ही पोस्ट टाकत होतो, मेसेजना उत्तरं देत होतो, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. सेटिंगमध्ये पेज अ‍ॅक्सेस उघडलं तेव्हा चित्र दिसलं: वर 'फेसबुक अ‍ॅक्सेस'मध्ये फुल कंट्रोलवाली नावं सगळी एजन्सीची, आणि आम्ही खाली 'टास्क अ‍ॅक्सेस'मध्ये.

करार संपवतो म्हटल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. आधी "करून देतो", मग "आमच्या सिस्टीममध्ये ट्रान्सफर होत नाही", मग "त्याचं वेगळं बिल लागेल", आणि शेवटी "ज्यांच्याकडे तुमचं काम होतं ते सोडून गेले". पोर्टफोलिओतून पेज मोकळं करणं हे काही क्लिकचं काम आहे हो! पण ताकास तूर लागू दिला नाही. जाहिरात खात्याबद्दल मात्र ते खरं बोलत होते. पोर्टफोलिओत तयार केलेलं जाहिरात खातं तिथून बाहेर काढताच येत नाही. म्हणजे पैसे आमचे, आणि त्यातून जमलेला ग्राहकवर्ग व जाहिरातींचा इतिहास त्यांच्याकडे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. ते जुनं पेज आमच्या लोगोसकट अजून तसंच आहे. लोक तिथे मेसेज करतात, उत्तर येत नाही, आणि शिव्या आम्हाला.

त्यामुळे पोर्टफोलिओ तुमच्या प्रोफाइलवरून तुम्ही उघडा, पेज आणि जाहिरात खातं त्यातच तयार करा, आणि एजन्सीला तिच्या पोर्टफोलिओचा आयडी मागून पार्टनर म्हणून जोडा. त्यांचं काम अडत नाही आणि काढायची वेळ आली तर काढताही येतं. फुल कंट्रोल तुमच्यातल्या किमान दोघांकडे असू द्या, म्हणजे एकाचं प्रोफाइल लॉक झालं तरी पेज लटकत नाही. त्यासाठी खोट्या नावाचं प्रोफाइल मात्र काढू नका, ते उडालं की तुम्ही बाहेर. एवढ्याला जी एजन्सी आढेवेढे घेईल तिथे पाणी मुरतंय असं मी खुशाल समजतो. सगळ्या तशा नसतात, आमचं सध्याचं काम बघणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी स्वतःहून पार्टनर अ‍ॅक्सेस मागितला. (बटणांची नावं फेसबुकवाले सारखी बदलतात, जरा इकडेतिकडे झालं तर चूभूद्याघ्या.)

जाता जाता. खातं उघडताना जन्मतारीख विचारतात तिथे धंदा सुरू केल्याची तारीख टाकू नका. वय 13 च्या खाली निघालं की खातं बंद, आणि मग ओळखपत्रं पाठवत बसा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेससाठी वेगळा नंबर घ्या, कारण एकच नंबर साध्या अ‍ॅपवर आणि बिझनेस अ‍ॅपवर एकाच वेळी चालत नाही. तो नंबर कामावरच्या माणसाच्या नावावर तर अजिबात नको. यूट्यूबला ब्रँड अकाउंटवर (एका माणसाऐवजी धंद्याच्या नावाचं खातं) चॅनेल काढा, पासवर्ड न वाटता मॅनेजर नेमता येतात.

लोगो पाठवून झाला असेल आणि पेज उघडलंही असेल तर आजच पेज अ‍ॅक्सेस बघा. फुल कंट्रोल मागायचा असेल तर पुढचा हप्ता द्यायच्या आधी आणि ईमेलवर मागा, फोनवर नको. तिथे काय दिसतंय ते इथे लिहा, नावं आणि आयडी झाकून. मग पुढचं बघू.