फळ झाकावे कधी आणि जाळी ताणावी कशी

प्रश्न : परसात टोमॅटो आणि पेरू लावले आहेत. टोमॅटो लालसर होताच पक्षी चोच मारतात, आणि पेरू वरून चांगला दिसला तरी कापल्यावर आत अळ्या निघतात. झाडांवर जाळी टाकली, तर तिच्यात एक चिमणी अडकून मेली. त्या दिवशीच जाळी काढून टाकली. विषारी फवारणी न करता फळे वाचवता येतील का?

उत्तर : येतील, मात्र आपल्या परसातील या दोन तक्रारींचे उपाय वेगवेगळे आहेत. पेरूतील अळ्या फळमाशीच्या आहेत आणि पक्ष्यांसाठीच्या जाळीतून ही माशी सहज आत जाते. मादी सालीखाली अंडी घालते, तेथे टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका राहतो, आणि अळ्या आतला गर खात वाढत असल्यामुळे वरून मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून माशीच्या आधी आपण फळापर्यंत पोहोचले पाहिजे. पेरू लिंबाएवढा झाला की त्यावर कागदी पिशवी चढवून तिचे तोंड देठाशी घट्ट बांधावे. तत्पूर्वी फळ सगळीकडून फिरवून पाहावे. ठिपका दिसला तर ते तोडून टाकावे, कारण अशा फळावर पिशवी बांधणे म्हणजे अळ्यांनाच आसरा देणे होय.

याहून महत्त्वाचे काम झाडाखाली आहे आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. गळालेल्या फळातील अळी पूर्ण वाढली की बाहेर पडून मातीत काही सेंटीमीटर खोल कोषात जाते आणि तेथून पुढची माशी निघते. त्यामुळे पडलेली फळे रोज वेचावीत. ती वरवर पुरू नयेत, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अळ्या मरेपर्यंत कडक उन्हात ठेवावीत. मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर फळमाशीला वासाने ओढून घेणाऱ्या द्रव्याचा, सापळा टांगण्यास हरकत नाही, पण त्यात फक्त नर सापडतात आणि फळ टोचणारी मादी मोकळीच राहते, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये.

टोमॅटोचे काम त्यामानाने सोपे आहे. हिरव्यावर गुलाबी छटा दिसताच तो तोडावा. पुढे तो घरात उत्तम पिकतो. चकाकत्या पट्ट्यांना पक्षी थोड्याच दिवसांत सरावतात, तेव्हा फळे पिकण्याच्या सुमारासच त्या लावाव्यात आणि त्यांची जागा बदलत राहावी.

आता जाळीविषयी. त्या चिमणीने आपल्या टोमॅटोला चोच लावलीही नसेल. एरवी दाण्यावर जगणारी चिमणी पिलांना मात्र किडे आणि अळ्या भरवते, म्हणजे ती आपल्याच कामाला आलेली असते. तिचा जीव जाळीच्या सैलपणाने घेतला असावा. झाडावर नुसती पांघरलेली जाळी पंखांत आणि पायांत गुंतते. त्याऐवजी काठ्यांचा सांगाडा उभारून जाळी पानांपासून दूर ताणून बांधावी आणि कडा विटांनी जमिनीलगत दाबाव्यात. छिद्रे करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक असावीत, आणि धागा पातळ पारदर्शक न घेता जाड व पांढरा घ्यावा, म्हणजे तो पक्ष्यांना दुरून दिसतो. शेजारी काकडी किंवा भोपळ्याचा वेल असल्यास तो जाळीबाहेर ठेवावा, कारण मधमाश्या फुलांपर्यंत पोहोचल्या नाहीत तर फळच धरणार नाही. जाळी सकाळ-संध्याकाळ जवळ जाऊन पाहावी, आणि तोडणी संपली की त्याच दिवशी उतरवून गुंडाळून ठेवावी.