कन्नड नोटीस वाचणाऱ्या मुलीला वकील व्हायचंय

पत्र आलंय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, एका आईचं. थोडक्यात असं:

"सर, मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झाली, ७८ टक्के पडले. गेल्या वर्षी जमिनीच्या वाटणीच्या दाव्यात आम्हाला कोर्टाची नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. घरात कुणालाच धड वाचता येईना. हिनेच वाचून तारीख सांगितली, आणि तेव्हापासून वकील व्हायचं धरून बसली आहे. इंग्रजी बेताचंच आहे. सासूबाई म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि ही तिथेच जाऊन बसणार म्हणते. पीयूसीला (अकरावी-बारावीला) काय घ्यावं? पुण्याला क्लासला पाठवावं का? आम्हाला झेपेल का?"

ताई, नमस्कार.

सासूबाईंची म्हण खरी आहे, पण ती पक्षकारासाठी. वकिलाचं घर त्याच पायरीवर चालतं.

तुम्ही टक्के आधी लिहिलेत आणि नोटिशीचं ओघात सांगून टाकलंत. मी उलट्या क्रमाने वाचलं. वकिली म्हणजे सिनेमातलं टेबलावर मूठ आपटणं नव्हे. दिवसातला बराच वेळ कागद वाचण्यात जातो: उतारा, खरेदीखत, वाटणीपत्र, समोरच्याची कैफियत. वाचून त्यातलं नेमकं काय आपल्या कामाचं, ते काढायचं. घरातली मोठी माणसं घाबरून बसलेली असताना दहावीतल्या मुलीने नोटिशीतली तारीख शोधून दिली. हे तिला जमतंय.

आता इंग्रजीचं बघू. घटनेच्या ३४८व्या कलमानुसार उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणजे इंग्रजी टाळता येणार नाही. पण तुमचा दावा जिथे चालतो त्या कोर्टाची भाषा कन्नड, आणि साक्षीला उभी राहणारी म्हातारी मराठी. ती म्हणते, "ते शेत आम्हीच करतोय." आपल्याकडे शेत करणं म्हणजे कसणं. म्हणजेच ताबा आमचा, असं ती सांगत असते. त्या 'करतोय'चं भाषांतर मोघम झालं तर वाटणीच्या दाव्यात फार मोठा फरक पडतो. हे जिथल्या तिथे उठून दुरुस्त करून घ्यायला तिन्ही भाषा कळणारा वकील लागतो. बंगळूरहून आलेल्या हुशार वकिलाला ते जमत नाही आणि पुण्याहून आलेल्यालाही नाही. सीमाभागातल्या मुलांना तीन भाषांचं ओझं वाटतं. या एका धंद्यात ते भांडवल आहे.

म्हणून पीयूसीचा माझा सल्ला काहींना रुचणार नाही. आर्ट्स घ्या, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असा गट मिळाला तर उत्तम. (सायन्स, कॉमर्सवाल्यांनाही लॉ करता येतं, पण आवड नसताना दोन वर्षं फिजिक्समध्ये घालवू नका.) आणि भाषा इंग्रजीबरोबर कन्नड घ्या. मराठी सोडा असं मी म्हणत नाही. मराठी घरात आहे, ती रोजच्या वाचनात ठेवा. पण कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरं इंग्रजीत लिहायची किंवा कन्नडमध्ये, मराठीचा पर्याय नाही. पुढे कर्नाटकात दिवाणी न्यायाधीश व्हायचं मनात आलं तर मुख्य परीक्षेत इंग्रजी-कन्नड भाषांतराचा पेपर असतो. कन्नडने पीयूसीचे चार टक्के कमी झाले तरी बिघडत नाही, कारण पाच वर्षांच्या लॉला बारावीला ४५ टक्के पुरतात (ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०). ७८ टक्केवाल्या मुलीने ती चिंता करू नये.

कोर्टाची कन्नड वाटते तितकी परकी नाही. वादी, प्रतिवादी, वकील, आदेश हे शब्द जवळपास सारखेच. दाव्याला दावे, जामिनाला जामीनु. निकालाला मात्र तीर्पु म्हणतात, अपिलाला मेल्मनवी, उताऱ्याला पहाणी. एक दोनशे पानी वही आणा, तीन रकाने पाडा: मराठी, कन्नड, इंग्रजी. तुमच्या दाव्याचेच कागद घेऊन रोज पाच शब्द लिहू दे. सोबत कोर्टाची एकच बातमी 'तरुण भारत', 'प्रजावाणी' आणि एका इंग्रजी पेपरात वाचायची. सुरुवातीला इंग्रजी बातमीला अर्धा तास लागेल. लागू दे.

पुण्याच्या क्लासला आत्ता पाठवू नका. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा: १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा, आणि सगळं इंग्रजीत. प्रश्न उताऱ्यांवर असतात, गणित दहावीच्या पातळीचं. म्हणजे भराभर वाचून समजण्याचीच ती परीक्षा, आणि तो वेग दोन वर्षांच्या रोजच्या वाचनाने येतो, चार महिन्यांच्या क्लासने नाही. आधीच्या प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. पीयूसीच्या पहिल्या वर्षाअखेर एक घड्याळ लावून सोडवायला द्या. परीक्षा हल्ली डिसेंबरात होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी भरावा लागतो. बारावीचा निकाल लागल्यावर विचारायला येणारे पालक मला दर जूनमध्ये भेटतात, तेव्हा उशीर झालेला असतो. या विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते, हेही आधीच घरात बोलून घ्या.

क्लॅट नाही जमली तर आभाळ कोसळत नाही. बेळगावात १९३९ पासूनचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. १९८९ साली सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरमय्या तिथलेच विद्यार्थी, आणि २०१७ ते २०२२ ॲटर्नी जनरल असलेले के. के. वेणुगोपाल हेही. खानापूरहून रोज ये-जा करता येते, हा मुद्दा मला त्या दोन नावांइतकाच मोठा वाटतो. पाच वर्षांचं की पदवीनंतर तीन वर्षांचं? तिचा निश्चय टिकला तर पाच, एक वर्ष वाचतं. डळमळली तर आधी बीए करू दे. मात्र पत्राद्वारे लॉ करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, वकिलांची नोंदणी करणारी बार कौन्सिल ते मानत नाही.

महाराष्ट्रात जायचं तर तिथली सीईटी वेगळी, ती मराठीतूनही देता येते. तिथल्या अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत महाराष्ट्र दावा सांगतो त्या ८६५ सीमागावांतल्या मराठी मुलांसाठी खास तरतूद असते. तुमचं गाव यादीत आहे का ते पाहा, आणि लॉसाठी त्या वर्षीचा नियम काय आहे ते माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

आता झेपण्याचं. कॉलेजपेक्षा पुढची वर्षं जड असतात. सनदेची, म्हणजे वकील म्हणून नोंदणीची, फी मोठी नाही: सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती सर्वसाधारण गटाला ७५० आणि एससी-एसटींना १२५ रुपयांवर आणून ठेवली. त्यापूर्वी कित्येक राज्यांत ती हजारोंत होती. मग अखिल भारतीय बार परीक्षा, तीही मराठीत किंवा कन्नडमध्ये देता येते. खरी ओढाताण ज्युनिअरशिपची, म्हणजे मोठ्या वकिलाच्या हाताखालच्या उमेदवारीची. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअरला ग्रामीण भागात महिना १५ हजार, शहरात २० हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात बसायला खुर्ची आणि चहा मिळाला तरी ज्युनिअर खूश असतो. सनदेनंतर दोन-तीन वर्षं तिच्या कमाईवर घर विसंबणार नाही एवढी तजवीज आतापासून ठेवा. न्यायाधीश व्हायचं तरी हीच वाट: सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेलाही तीन वर्षांची वकिली लागते.

सनद कर्नाटकची घेतली तरी वकिली देशभर करता येते. बेळगावची अपिलं कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जातात, २०१३ पासून ते कायमचं झालं. दुसऱ्या बाजूला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. दोन्हीकडे एकाच दिवसात जाऊन येता येईल अशा जागी तुमची मुलगी राहते.

एक हौसेचा सल्ला, नाही पाळला तरी चालेल. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे इथल्या जुन्या वाटणीपत्रांत मराठी आणि मोडी सापडते. ती वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एखाद्या उन्हाळ्यात तिने मोडी शिकून घेतली तर ज्येष्ठ वकीलसुद्धा कागद घेऊन तिच्याकडे येतील. उलट कुणी आपुलकीने जुनी भारतीय दंड संहितेची पुस्तकं दिली तर ती माळ्यावर टाका. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले आहेत.

आणि संविधान. मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून वाचू दे, पहिल्या पानापासून नव्हे, ३५०व्या कलमापासून. गाऱ्हाणं कोणत्या भाषेत मांडता येतं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल राज्याने काय करायचं, हे तिथे आहे. मग १३१वं: राज्याराज्यांतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातो तो याच कलमाने, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नाचा दावा त्याखालीच लावला. लहानपणापासून मोर्च्यात ऐकलेला विषय कागदावर कसा दिसतो ते तिला कळेल. तो कुणी जिंकावा हे बाजूला ठेवून दोन्ही बाजूंचे मुद्दे तिला लिहायला सांगा. समोरच्याची बाजू स्वतःच्याइतकी नीट मांडता आली की निम्मी वकिली आली.

तुमच्या दाव्याची पुढची तारीख तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. कामकाज सगळ्यांसाठी खुलं असतं, तेव्हा त्या दिवशी तिलाही बरोबर न्या. मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या केसेसही ऐकू दे. पुकारा होतो, पक्षकार येत नाही, पुढची तारीख पडते, दुपारपर्यंत बहुधा हेच चालेल. संध्याकाळी घरी आल्यावरही तिचं म्हणणं तेच असेल, तर पीयूसीचा फॉर्म भरायच्या आधी मला एक ओळ कळवा.