‘स्वावलंबी व्हावा’ याच्या पुढे काय लिहू?

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. मुलगा 19 वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्रावर 65 टक्के. विशेष शाळा गेल्या वर्षी संपली, तेव्हापासून घरीच असतो. बोलतो थोडं, समजतं बरंच. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे त्याच्या खात्यात येतात आणि वाणसामानात जातात. यजमान सरकारी नोकरीत आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरली. माझी नणंद मेलबर्नला असते. तिच्या मुलीला तिथल्या एनडीआयएस या सरकारी दिव्यांग योजनेतून मदत मिळते. ती फोनवर सांगते, “वहिनी, आधी त्याचे गोल्स लिहून काढ, मग कुठला आधार लागेल ते लिही. पैशांचं शेवटी.” वही घेऊन बसले, ‘स्वावलंबी व्हावा’ एवढं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. इथे अशी वही वाचणार कोण? आमच्यामागून त्याचं काय? तशात हल्ली नवीनच त्रास सुरू झालाय. बसचा हॉर्न ऐकला की गेटबाहेर पळतो, आणि शुक्रवारी तर म्हापशाला न्या म्हणून घर डोक्यावर घेतो. (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमच्या नणंदेने सांगितलेला क्रम बरोबर आहे. तो तिकडे कसा चालतो ते आधी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाची ही योजना 2013 च्या कायद्याने उभी राहिली. माणसाने 65 वर्षांचा होण्याआधी तिच्यात यावं लागतं, घरच्या उत्पन्नाची अट नाही. त्या माणसाला काय करायचंय ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घेतात. मग त्यासाठी लागणारा आधार ‘वाजवी आणि आवश्यक’ आहे का ते पाहतात, आणि रोजची मदत, नवी कौशल्यं शिकणं, उपकरणं अशा खात्यांत पैसे मंजूर होतात. नुसतं ध्येय लिहिलं म्हणून तिकडेही पैसा सुटत नाही, हे नणंद कदाचित सांगायची राहिली असेल.

आपल्याकडे असं एका माणसाच्या नावाचं एक अंदाजपत्रक नाही. थोडे पैसे समाजकल्याणातून, थोडे विम्यातून, थोडी सवलत आयकरात, आणि ज्याची त्याची खिडकी वेगळी. म्हणून तर वही इथे जास्त लागते. तिकडे जुळवाजुळव करायला माणसं नेमलेली असतात, इथे ती तुम्हीच करायची आहे.

आता ‘स्वावलंबी व्हावा’. मी विशेष शाळेत शिकवत होते तेव्हा पालकांच्या फॉर्मवर हे वाक्य इतक्यांदा वाचलंय, की शाईचा रंग तेवढा बदलायचा. हे बक्षीस समारंभाचं वाक्य आहे. त्यात मुलगा कुठेच दिसत नाही. सोमवारी सकाळी उठून काय करायचं, तेही कळत नाही.

आणि त्याचं ध्येय तुम्ही मला लिहून पाठवलंच आहे की! फक्त पत्राच्या शेवटी, त्रास म्हणून. मुलगा रोज हॉर्न ऐकून धावतो, शुक्रवार त्याच्या बरोबर लक्षात राहतो, शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो हेही त्याला ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर वर्षभर घरात बसलेला 19 वर्षांचा मुलगा आणखी कसं सांगणार? वहीत पहिल्या ओळीवर लिहा : ‘मी शुक्रवारी बसने म्हापशाला जाईन, बाजारातून केळी घेऊन घरी येईन.’ केळी मी माझ्या मनाने घातली. त्याला दुसरं काही आवडत असेल तर ते लिहा, पण विचारून. शब्द अपुरे पडले तर फोटो समोर ठेवा, मयड्याच्या केळ्यांचा एक आणि फरसाणाचा एक, आणि त्याचा हात कुठे जातो ते पाहा. आईने पटकन उत्तर सुचवायचं नाही. हे सगळ्यांत कठीण, मला माहीत आहे.

त्याच्या खाली आधार लिहायचा, पण ‘कोणीतरी सोबत असावं’ असा नको. कोण, किती वेळ, काय करण्यासाठी, हे सगळं हवं. उदाहरणार्थ, शेजारचा पुतण्या, शुक्रवारी सकाळी, घर ते बाजार ते घर. त्याला बसभाडं आणि वर थोडं मानधन. (घरातल्या माणसाला कसले पैसे, असं यजमान म्हणतील. म्हणू द्या. फुकटचा पुतण्या गणेशचवथीपर्यंत टिकतो.) पाकिटात दहाच्या नोटा, कारण शंभराची मोड परत मोजायला शिकणं ही वेगळी पायरी आहे. मोबाइलवर तुमचा आणि यजमानांचा फोटो, त्यावर बोट ठेवलं की फोन लागेल असा. गळ्यात नको, खिशात राहील असं ओळखपत्र. रोजच्या मिनीबसच्या कंडक्टरशी तुम्ही स्वतः एकदा बोला. पेडण्याच्या बसचे कंडक्टर अर्ध्या गावाला नावाने ओळखतात, तुमच्या मुलालाही ओळखतील. बाजारातला गोंगाट त्याला सोसतो का, शौचालय कुठे आहे, हेही लिहून ठेवा. बेत बहुतेक वेळा अशाच ठिकाणी अडतो.

मग आधार कमी कसा होणार ते लिहा. आधी पुतण्या शेजारच्या सीटवर, पुढे दोन सीट मागे, पुढे म्हापशाच्या स्टँडवर वाट पाहत. पुढची पायरी कधीपर्यंत गाठायची ते कॅलेंडरवर खूण करून ठरवा, आणि तेव्हा नाही जमलं तर पायरी लहान करा. गेटबाहेर पळण्याचं काय म्हणाल तर वाहता रस्ता ओलांडणं हे त्याच वहीतलं दुसरं ध्येय, आणि ते केळ्यांच्याही आधी शिकवायचं.

आता पैसे. दयानंद योजनेचे पैसे त्याच्या नावावर येतात, ते त्याचे आहेत. सगळे वाणसामानात जाऊ नयेत. घरखर्चाला त्याचा वाटा घ्या, उरलेल्यातून शुक्रवार चालवा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगत्वाला लागू आहे. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत खर्चाची भरपाई, त्यात बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपीही येतात. पैसे बहुतेक आधी खिशातून घालून मग परत मिळतात, म्हणून बिलं जपा, आणि दर वर्षी नूतनीकरण विसरू नका. अर्ज न्यासाकडे नोंदवलेल्या संस्थेमार्फत होतो. यजमानांना आयकरात दिव्यांग अवलंबितासाठी (1961 च्या कायद्यातलं कलम 80डीडी) 75,000 रुपयांची वजावट आहे, 80 टक्के आणि वरच्या दिव्यांगत्वाला ती 1,25,000 असते. मात्र ती जुन्या करपद्धतीतच मिळते. दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडून मगच ठरवा.

‘वाचणार कोण’ याचंही उत्तर आहे. मुलगा 18 चा झाला, तेव्हापासून कायद्याने तो सज्ञान आहे. बँकेत किंवा इस्पितळात त्याच्या वतीने सही करायला आईबाप असणं पुरत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिथे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. तुमचा जिल्हा उत्तर गोवा, म्हणजे पणजी. पालक खरंच हवा का आणि कोणत्या कामांसाठी हवा, हे समितीने पाहायचं असतं. ‘सगळ्यासाठी’ असं लिहिणाऱ्यांपुढे तुमची वही उठून दिसेल : तो बाजार स्वतः करतो, मुदत ठेवीचे कागद त्याला कळत नाहीत. तुमच्यामागून पालक होणाऱ्यालाही ती वही लागेल. पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव 2023 पासून पणजीत भरतो, चांगलंच आहे, एकदा मुलाला न्या. पण वर्षाचे बाकीचे शुक्रवार घरच्यांनीच भरायचे असतात.

सगळ्यांत आधी मात्र एक काम उरका. दिव्यांगत्वामुळे स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला, आईवडिलांमागून, सरकारी कर्मचाऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्याला उत्पन्नाची मर्यादा आणि इतर अटी आहेत, त्या यजमानांच्या आस्थापना शाखेत समजून घ्या. मुलाची नोंद आणि प्रमाणपत्र नोकरीत असतानाच दाखल होऊ द्या. नंतर हीच धावपळ मुलाच्या काकाला करावी लागते, आणि त्याला फाइलचा नंबरही माहीत नसतो.

प्रश्न : आई 71 वर्षांची, अर्धांगवायूनंतर उजवी बाजू गेली. तुला काय हवं म्हटलं की “मला काही नको” एवढंच म्हणते. – फोंडा

उत्तर : त्या वयात ‘नको’ म्हणजे बऱ्याचदा ‘तुम्हांला त्रास नको’. काय हवं ते विचारू नका, काय बंद पडलं ते विचारा. दारावर मासेवालीशी घासाघीस त्या करायच्या की सून? त्या करत असतील तर तेच ध्येय, आणि आधार म्हणजे सकाळी त्या वेळेला ओट्यापर्यंत पोचणं. फिजिओथेरपिस्टलाही नेमकं हेच सांगा, व्यायाम त्या बेताने ठरतील. चाकांची खुर्ची मागवण्याआधी दारांची रुंदी आणि उंबऱ्याची उंची मोजून घ्या. जुन्या घरांत न्हाणीघराचं दार सगळ्यांत अरुंद असतं.