वाचकांचे प्रश्न: इंजिन नसताना शिडाची मोठी बोट धक्क्याला कशी लावायची?

मागच्या अंकात शिडाच्या बोटींवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने आलाय, की लहान डिंगी ठीक आहे, पण आठ-दहा टनांची बोट इंजिनाशिवाय धक्क्याला लावायची तर कशी? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं नवराबायको साउदॅम्प्टनला असतो, मित्रांबरोबर भागीत 38 फुटी सेकंडहँड बोट घेतलीय, वजन साधारण 8 टन, हॅम्बल नदीत ठेवतो. मागच्या महिन्यात नदीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, एका भल्या माणसाने त्याच्या बोटीने ओढत आणलं. नुसत्या शिडावर आमची आम्हाला पॉन्टूनला (तरंगत्या धक्क्याला) लावता आली असती का? शिकायचंय, पण भीती वाटते. (एक वाचक, साउदॅम्प्टन)

उत्तर: आली असती, पण तेव्हा पाणी कुठल्या दिशेला वाहत होतं यावर ते ठरलं असतं. भीती वाटते म्हणता ते चांगलंच आहे, आधी ती कशाची वाटायला हवी ते बघू. तुमची 8 टनांची बोट 1 नॉटने, म्हणजे ताशी दोन किलोमीटरच्याही आत, चालण्यापेक्षा हळू येतेय असं धरा. ती अर्ध्या मीटरात थांबवायची तर दोराला दोनशे किलोच्या वर ताण बसतो. तीच 2 नॉटने आली तर साडेआठशे किलो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणजे दोघं मिळून हाताने धरू, पायाने ढकलू हा विचार आधी डोक्यातून काढून टाका, बोट आणि धक्का यांच्या मधे पाय घालून लोकांनी पाय मोडून घेतलेत. बोट पॉन्टूनशी पोचते तेव्हा ती जवळजवळ थांबलेली असली पाहिजे, बाकी सगळी खटपट त्यासाठीच.

आता गंमत अशी की बोटीला ब्रेक नाही आणि फार हळू झाली की सुकाणूही लागत नाही, कारण सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच ते काम करतं. बऱ्याच बोटींचं सुकाणू एक-दीड नॉटच्या खाली सुस्त होतं, शिवाय कीललाही (बुडाखालच्या पात्याला) पकड राहत नाही आणि बोट आडवी घसरायला लागते. म्हणजे हळू यायचंय पण पाणी तर सुकाणूवरून वाहतं पाहिजे. हे दोन्ही एकदम कधी जमतं? पाणी समोरून येत असेल तेव्हा. म्हणून पहिला प्रश्न वारा कुठून आहे हा नाही, वारा आणि पाण्याची ओढ यातलं जास्त जोराचं कोण आहे हा आहे, आणि जे जास्त जोराचं त्याच्याकडे तोंड करून यायचं.

तुमचीच नदी घेऊ. तिथे वारा बहुतेक दिवस नैऋत्येचा, म्हणजे नदीच्या तोंडाकडून आत. ओहोटी असेल तर पाणी आतून बाहेर, तुमच्या तोंडावर, आणि वारा पाठीत. ही तुमच्यासाठी सगळ्यात चांगली वेळ. बाहेर साउदॅम्प्टन वॉटरमधेच, मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे तोंड करून मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, उतरवून टाका, नदीत शिरल्यावर नाही, आधी. वारा मागून असला की मेन रिकामं करता येत नाही, शीट (शिडाचा दोर) कितीही सोडा, ते डोलकाठीच्या बाजूच्या तारांवर दाबून बसतं आणि खाली ओढलं तरी येत नाही, आणि भरलेलं मेन घेऊन पॉन्टूनजवळ गेलात की बोट थांबवायला हातात काहीच उरत नाही. मग फक्त जिबवर, म्हणजे पुढच्या शिडावर, आत या. पाणी दीड नॉटने समोरून येतंय, बोट पाण्यातून दोन नॉटने चाललीय, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने अर्धाच नॉट, पण सुकाणूला पूर्ण दोन नॉटचं पाणी मिळतंय त्यामुळे ते ऐकतं. पॉन्टूनच्या समोर आलात की जिब थोडं गुंडाळा, बोट एका जागी उभी राहते, घार वाऱ्यावर पंख न हलवता तरंगते ना तशी, पाणी खालून जातंय आणि शेजारचा खांब मात्र हलत नाही. आता नाक जेमतेम पॉन्टूनकडे करा, वाहतं पाणी बोटीला अलगद बाजूला सरकवत नेतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोराकडे बघत उभी होते, एवढी मोठी बोट आणि दोरात ताणच नाही.

भरती चालू असेल तर मात्र वारा आणि पाणी दोन्ही पाठीत. अशा वेळी पॉन्टून ओलांडून पुढे जायचं, वळायचं आणि दोन्हींकडे तोंड करून यायचं, शिडं सैल सोडली की बोट लगेच थांबते. पुस्तकात ठीक आहे, पण हॅम्बलसारख्या अरुंद नदीत, दोन्हीकडे बांधलेल्या बोटींच्या रांगा असताना, पाणी ढकलत असताना 38 फुटी बोट वळवणं मी तुम्हाला सांगणार नाही, मी स्वतःही करणार नाही. बाहेर नांगर टाका, चहा करा आणि पाणी फिरायची वाट बघा. तुमच्याकडे भरतीच्या माथ्यावर पाणी दोनेक तास जवळजवळ थांबून असतं आणि मग ओहोटी कमी वेळात जोराने उतरते, म्हणजे उतरायला लागलं की सुरुवातीलाच आत यायचं, मधल्या जोरात नाही.

अजून एक सोपी परीक्षा. लांब असतानाच बोटीचं नाक जिथे लावायचंय तिकडे करा आणि मेनची शीट पूर्ण सोडा. शीड फडफडलं, अगदी काठापर्यंत रिकामं झालं, तर मेनवर येऊ शकता, थोडं भरा थोडं सोडा करत. थोडाही भाग भरलेला राहिला तर वारा फार मागून आहे, मेन खाली, जिबवर या. आणि हे सगळं पॉन्टूनवर शिकू नका, मोकळ्या पाण्यात एक फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला बांधतात तो फुगा) वजन बांधून टाका आणि त्याच्याशी वीस-पंचवीस वेळा थांबून बघा, 2 नॉटवरून शिडं काढल्यावर आपली बोट स्वतःच्या किती लांब्या पुढे जाते ते मोजा. तो आकडा प्रत्येक बोटीचा वेगळा, तो तुमचा तुम्हालाच काढावा लागणार. नदीत 6 नॉटची मर्यादा आहे ती तुम्हाला माहितीच असेल, आणि मरिनात शिडावर आत यायला सगळीकडे परवानगी नसते, त्यामुळे व्हीएचएफ रेडिओवर आधी सांगा की इंजिन नाहीये, बहुतेक वेळा कोणीतरी दोर घ्यायला उभं राहतं.

प्रश्न: ताई, धक्क्याला पहिला दोर कुठला द्यायचा, पुढचा ना? आणि मागून बादली सोडली की बोट थांबते म्हणतात, ते खरं का? (एक वाचक, वास्को)

उत्तर: पुढचा नाही, आणि हे मी माझ्या हाताच्या कातडीवर शिकलेय. बरीच वर्षं झाली, कोकणातल्या एका खाडीत आमच्या 40 फुटी बोटीच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंडाळला गेला आणि इंजिन घुर्रकन बंद. आपल्या किनाऱ्यावर हे नेहमीचं आहे, जाळं, नायलॉनचा दोर, प्लास्टिकची पिशवी इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीत, नाहीतर टाकीच्या तळाचा गाळ लाटांनी ढवळून फिल्टरमधे, आणि या सगळ्याला मुहूर्त खाडीच्या तोंडाशीच मिळतो. जिबवर आत आलो, जेट्टीजवळ वेग दोनेक नॉट असेल, जास्तच होता. मी पुढून उडी मारली, पुढचा दोर क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) नुसता टेकवला आणि हाताने धरला. पुढे काय झालं ते अजून डोळ्यासमोर आहे, दोर ताठ झाला, तळहातातून सरकला, बोटीचं नाक गर्रकन जेट्टीकडे वळलं आणि मागचा भाग बाहेर फेकला गेला, तिथे वाऱ्याने तो धरला आणि बोट जेट्टीला आडवी. नाकावरचं फायबर फुटलं आणि माझ्या तळहाताचं कातडं दोराबरोबर गेलं, पंधरा दिवस भाताचा घास हाताने घेता येत नव्हता.

तेव्हा पहिला दोर बोटीच्या मध्यावरून द्यायचा आणि तो धक्क्यावरच्या मागच्या बाजूच्या क्लीटला. बोट पुढे जायला बघते तसा तो मागे ओढतो, आणि मध्यावर बांधलेला असल्यामुळे नाकही आत येत नाही की शेपूटही बाहेर जात नाही, बोट सरळ धक्क्याला चिकटून उभी राहते. क्लीटच्या बुडाला एक पूर्ण वेढा घ्या, घट्ट गाठ मारू नका, आणि दोर थोडा थोडा घसरू देत बोट थांबवा, ताण वेढ्याने घ्यायचा हाताने नाही. एकदम अडकवलात तर क्लीट उखडून येऊ शकतं. उडी मारायची नाही, एक पाऊल टाकून उतरता येत नसेल तर बोट अजून लांब आहे, परत बाहेर जा. फेंडर दोन्ही बाजूंना बांधा, ऐन वेळी बाजू बदलावी लागते.

बादलीचं म्हणाल तर खरं आहे, पण घरातली प्लास्टिकची बादली नको, तिची कडी तुटते. कॅनव्हासची किंवा लहान ड्रोग (पाण्यात मागे ओढत नेायची कापडी पिशवी) मजबूत दोराने मागून सोडली की वेग कमी होतो आणि बोटीची शेपूटही जागेवर राहते. एका बाजूने सोडली तर बोट त्या बाजूला ओढली जाते एवढं लक्षात ठेवा. दुसरा ब्रेक म्हणजे बूम (मेनच्या तळाचा आडवा दांडा) हाताने वाऱ्याविरुद्ध बाहेर ढकलून धरणं, शीड उलटं भरतं आणि बोट थांबते, पण 8-10 टनांच्या बोटीवर दहा-बारा नॉटच्या वर वारा असेल तर बूमच तुम्हाला ढकलेल.

प्रश्न: मी इतिहास शिकवतो. मराठा आरमाराची गुराबं (मोठी लढाऊ जहाजं) दोनशे-तीनशे टनांची असायची म्हणतात. इंजिन नव्हतं तेव्हा ती धक्क्याला कशी लावत? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: सर, बहुतेक वेळा लावतच नसत. गुराब खाडीत नांगरायची आणि माल, माणसं, पाणी सगळं होड्यांनी किनाऱ्यावर. मोठं जहाज शिडावर थेट धक्क्याला नेणं हे आपल्याला आता जेवढं सहज वाटतं तेवढं तेव्हाच्या तांडेलाला वाटत नव्हतं. वारा पडला की गुराबेला तिच्याहून लहान गलबतं ओढत न्यायची, एकेका गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही असायची, आणि ओर्म या इंग्रज इतिहासकाराने 18व्या शतकात हे लिहून ठेवलंय. म्हणजे तीच त्यांची इंजिनं. दुसरी पद्धत सगळ्या जगात होती, होडीतून नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि जहाजावरून त्याचा दोर गुंडाळत जहाज नांगरापर्यंत ओढायचं, मग दुसरा नांगर आणखी पुढे. वेळ लागायचा, पण काही फुटायचं नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आहे, मुलांना घेऊन भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा जा, मग जहाज आत घ्यायचं म्हणजे पाण्याच्या वेळेवर किती अवलंबून होतं ते न सांगता कळेल.

एक मला फार आवडणारी युक्ती लंडनच्या थेम्स नदीतल्या बार्जवाल्यांची. ऐंशी-नव्वद फुटी मालवाहू बार्ज, आणि माणसं बऱ्याचदा दोनच. ते नांगर इतकाच सोडायचे की तो तळाला धरणार नाही, नुसता घासत येईल. त्यामुळे बार्ज पाण्यापेक्षा हळू वाहायची, आणि हळू वाहते म्हणजेच सुकाणूवरून पाणी जातं, म्हणजे मागे मागे वाहत जातानाही तिला वळवता यायचं. वर हॅम्बलच्या वाचकांना सांगितलं तेच तत्त्व, फक्त जिबच्या जागी नांगर.

आणि हे सगळं जुनं झालं असं नाही. ट्रेस ओम्ब्रेस नावाचं डच जहाज 2009 पासून इंजिनाशिवाय रम, कॉफी, कोको अशी मालवाहतूक करतंय. आपल्याकडे मे 2025 मधे कारवारला नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य जहाज, अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या काथ्याने शिवलेलं, त्यालाही इंजिन नाही.

प्रश्न: आमची 34 फुटी बोट मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यात कायम बांधून ठेवलेल्या बोयावर) असते, तिथे शिडावर येणं जमतं. पण मांडव्याला दुपारी गेलो की वारा सरळ जेट्टीवर ढकलतो. इंजिन गेलं तर तिथे काय करायचं? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर: तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. दुपारचा खारा वारा पश्चिम-वायव्येचा, तो गेटवेला जमिनीवरून पाण्याकडे येतो म्हणून तिथे चूक झाली तर बोट बाहेर मोकळ्या पाण्यात वाहते. तोच वारा मांडव्याला पाण्याकडून जमिनीवर, तिथे चूक झाली तर बोट जेट्टीवर. अशा धक्क्यावर शिडं वर ठेवून कधीच जायचं नाही, कारण शीड सैल सोडलं तरी वारा बोटीला ढकलतच राहतो.

पहिला सल्ला, जाऊच नका, लांबच नांगर टाका आणि संध्याकाळी वारा पडेपर्यंत थांबा किंवा सकाळच्या मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्यावर या. पण कोणी आजारी आहे, जायलाच हवं, तर जेट्टीपासून चाळीस-पन्नास मीटर वाऱ्याच्या बाजूला, फेरीबोटींची वाट सोडून, नाक वाऱ्याकडे करा, सगळी शिडं उतरवा आणि नांगर टाका. पाणी 5 मीटर असेल तर निदान वीस-पंचवीस मीटर साखळी सोडून तो धरलाय याची खात्री करा, शेजारच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा, त्या सरकत नसतील तर धरलाय. मग साखळी हळूहळू सोडत जा, वारा तुम्हाला मागे मागे जेट्टीपर्यंत नेतो, शेपूट जेट्टीकडे, आणि वेग तुमच्या हातात कारण साखळी तुमच्या हातात. मागून दोर द्या, माणूस उतरवा, काम झालं की त्याच साखळीवर परत पुढे ओढून घ्या. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरांच्या वर जातो, म्हणून साखळी मोजताना पुढच्या भरतीचं पाणी धरा, आत्ताचं नाही.

हे सगळं करायला नांगर तयार हवा. बऱ्याच बोटींवर तो पिन घालून, वर आणखी दोरीने आवळून ठेवलेला असतो आणि पिन खाऱ्या पाण्याने गंजलेली असते. या रविवारी बोटीवर गेलात की आधी पुढे जा आणि ती पिन नुसत्या बोटांनी निघते का बघा. निघाली नाही तर बदला, आणि मूरिंग सोडायच्या आधी ती आवळलेली दोरी काढून ठेवा.