जळगावात घराचा आणि सामानाचा विमा काढायचा आहे. भरवशाची कंपनी कोणती?

कंपनीचं नाव सांगणार नाही. आधी पॉलिसीचा कागद वाचा. २८ लाखांची पॉलिसी कपाटात असताना मी भिजलेल्या गाद्या रस्त्यावर फेकल्या आहेत, म्हणून सांगतो.

२०२१ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चाळीसगावात तितूर नदीच्या अलीकडे आमच्या नव्या घराचा गृहप्रवेश केला. लॉकडाऊन होता, घरचेच पाच जण. आतेभाऊ विम्याचा एजंट. फोनवर म्हणाला, घराचं मी बघतो, तू फक्त पैसे पाठव. प्रस्ताव, म्हणजे विम्याचा अर्ज, कोणी भरला? त्यानेच. सही? व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून.

३१ ऑगस्टला पूर आला. आदल्या रात्री गोकुळाष्टमी, आम्ही उशिरा झोपलो होतो. पहाटे उठलो तर पाणी पलंगाला टेकलेलं. फ्रिज आडवा, गव्हाची कोठी फुगून दार अडलेलं, शिलाई मशीन गाळात. भिंतींना तसं काही झालं नाही.

नुकसान बघायला आलेला सर्व्हेअर भला माणूस होता. कागद दोनदा वाचून त्याने मलाच विचारलं, "सामान कुठंय यात?" नव्हतंच. पॉलिसी फक्त इमारतीची. प्लॅस्टर, वायरिंग आणि चौकटींचे ६१ हजार मिळाले, तेही वेळेवर. कंपनीला मी नावं ठेवत नाही.

२८ लाखांत प्लॉटची किंमतही धरली होती! विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. ११०० चौरस फूट गुणिले बांधकामाचा दर दीड हजार, म्हणजे साडेसोळा लाख. वरच्या रकमेचा हप्ता पाण्यात गेला, आणि इमारतीसोबत सामान धरलं असतं तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजारांचं संरक्षण वेगळी यादी न देता मिळालं असतं (त्याला १० लाखांची मर्यादा आहे).

आतेभावाचं म्हणणं काय? "तूच ते बोलना व्हता, सस्तामा काढ." मी असं बोललो नव्हतो. "सामानपण धर" हा माझा मेसेज अजून फोनमध्ये आहे, खाली दोन निळ्या टिका. तरी दरवर्षी आखाजीला घरी येतो, आमरस-मांडे खातो आणि तेच म्हणतो.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर एप्रिल २०२१ मध्ये 'भारत गृह रक्षा' ही घराची पॉलिसी सारख्याच अटींवर विकणं सगळ्या कंपन्यांना बंधनकारक झालं. मग उरतो हप्ता आणि क्लेमच्या वेळी फोन उचलणारं माणूस. क्लेम मंजुरीचा जो टक्का एजंट दाखवतात, तो बहुतेक गाड्यांच्या आणि आरोग्य विम्याच्या क्लेमचा असतो. घरांचे त्यात चिमूटभर. त्यावर भाळू नका. आणि नातेवाईक एजंट असेल तर त्याच्याकडून अजिबात घेऊ नका. परका चुकला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

बरं, सगळे नातेवाईक तसे नसतात, हेही खरं. माझ्या मेव्हणीचा विमा तिच्या दिरानेच काढला, चोख आहे.

चोरीचं राहिलंच. या पॉलिसीत चोरी धरतात ती पूर, आग, वादळ असं काही झाल्यावर सात दिवसांत झालेली. लग्नाला बाहेरगावी गेलात आणि कुलूप तुटलं, तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. दागिन्यांसाठीही वेगळं कव्हर, किंमत आधी ठरवून. भाड्याने राहत असाल तर फक्त सामानाचा काढा. गावाकडचं घर धाब्याचं असेल तर प्रस्तावात तसंच लिहा, आरसीसी लिहू नका. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याचे विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही.

आणि सामानाचे फोटो आजच काढून ठेवा. माझ्या कोठीचा एकही नव्हता.