काय जागा घेतली!

प्रश्न असा आहे : 'आजोबा नाट्यगीतं ऐकताना मध्येच "अहाहा, काय जागा घेतली!" म्हणायचे. शब्दकोशात पाहिलं तर जागा म्हणजे स्थळ, जमीन, नोकरीतलं पद. मग गाण्यातली जागा म्हणजे काय? हरकत आणि जागा एकच का? आणि ज्याला राग ओळखता येत नाहीत त्याने हा शब्द वापरला तर चालेल का?'

शब्द तोच आहे, वेगळा नाही. फारसीतल्या 'जायगाह'वरून आलेली आपली नेहमीची जागा. एक जागा, दोन जागा. अनेकवचनातही रूप बदलत नाही. ('मी जागा आहे' मधला जागा मात्र निराळा, तो 'जागृ' धातूच्या घरातला.) गाण्याच्या बोलण्यात ही जागा आधी ठिकाण याच अर्थाने येते. सूर 'जागेवर' आहे म्हणजे जिथे लागायला हवा तिथेच लागला. दरबारी रागातला गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, घ्या. तो नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा किंचित खाली राहतो आणि हेलकावत राहतो. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे पेटीत त्या गंधाराला जागाच नाही. गळ्यालाच ती शोधावी लागते.

नाटकवालेही हा शब्द वापरतात. 'ही हशाची जागा आहे', 'इथे टाळीची जागा आहे' असं तालमीत सहज म्हटलं जातं. संहितेतलं ते एक ठिकाण असतं, जिथे काहीतरी घडू शकतं. गाण्यातही तसंच झालं असावं असं मला वाटतं : चिजेत (ख्यालाच्या बंदिशीत) किंवा पदात जिथे काही करायला वाव आहे ती जागा, आणि मग गायकाने तिथे जे केलं तेही जागाच. ठिकाणाचं नाव तिथे घडलेल्या गोष्टीला मिळालं.

आता ती घडते कशी ते यमन रागात पाहू. गाणारी 'ग, तीव्र म, ध, नि' अशी चढत गेली आणि निषादावर, म्हणजे 'नि'वर, थांबली. मागे तंबोरा अखंड षड्ज, म्हणजे सा, देतो आहे. पुढची पायरी वरचा सा, हे ऐकणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. कान तिथे जाऊन आधीच बसलेला असतो. आणि ती सा न लावता, त्याला वळसा घालून वरच्या रिषभाला ('रे'ला) नुसता स्पर्श करते आणि मग षड्जावर उतरते. एवढंच. दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. पण ज्या सुराची वाट पाहत होतो तो मिळाला, आणि ज्या वाटेने मिळाला ती डोक्यात नव्हती. मिळाल्यावर वाटतं, हीच वाट होती की! 'अहाहा' निघतो तो या क्षणाला.

म्हणून हरकत आणि जागा एक नाहीत. हरकत मूळ अरबी, अर्थ हालचाल. ('माझी काही हरकत नाही' मधली हरकतही तीच, आडकाठीच्या अर्थाने मराठीत स्थिरावलेली.) हरकत, मुरकी, खटका (सुराला दिलेला झटका), मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) ही गळ्याच्या क्रियांची नावं आहेत. गायकाने काय केलं ते ती सांगतात. वर सांगितलेली जागा कुणी खटक्याने घेईल, कुणी मींडेने, कुणी नुसत्या थांबण्याने. शंभर मुरक्या घेऊनही एक जागा सापडत नाही, असं होतं. आणि जागा झाली की नाही हे ऐकणारा ठरवतो. शब्द गाणाऱ्यांच्याही तोंडी आहे, 'ही जागा गळ्यात बसव', 'पेटीवाल्याने जागा बरोबर उचलली' असं ते म्हणतात, पण त्याचा जीव श्रोत्यांत आहे.

आजोबा नाट्यगीतं ऐकताना हे म्हणायचे यात नवल नाही. मराठी माणसाला जागांची चटक लावली ती रंगभूमीने. 1916 साली 'स्वयंवर' हे संगीत नाटक आलं, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा. ख्यालाची तालीम असलेली माणसं पाच-सात मिनिटांच्या पदात राग मांडत होती. वन्समोअर आला की तेच पद पुन्हा, पण जागा निराळ्या. प्रेक्षकांना पद पाठ होतं, त्यामुळे कुठे काय बदललं ते जाणवायचं. पाठ असणं इथे फार महत्त्वाचं आहे, कारण नेहमीची वाट ठाऊक नसेल तर वळसा कळणार कसा? तबकड्यांनी हे आणखी वाढवलं. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात सगळं सांगायचं, आणि घरी माणसं तीच तीन मिनिटं शेकडो वेळा ऐकायची. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी अशाच एका तबकडीवर गदगच्या एका मुलाने ऐकली आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

आवडीनिवडीचा प्रश्न इथेच येतो. सगळं गाणं जागांसाठी ऐकलं जात नाही. जयपूर घराण्याचं गाणं ज्यांना प्रिय आहे, त्या घराण्याच्या गायिका केसरबाई, मोगूबाई ज्यांच्या कानात आहेत, ती माणसं मी पाहिलेल्या बैठकांत 'जागा' हा शब्द कमी वापरतात. त्यांना आवर्तन (तालाचा एक फेरा) कसं भरत गेलं, लयीला धरून पेचदार तान समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) कशी मिळाली, त्यात आनंद असतो. तिथे एक क्षण वेगळा काढून दाखवणं अवघड, गुंफणच मोठी. किराणा घराण्याचा श्रोता एकेका सुराच्या ओलाव्यावर जीव टाकतो. ठुमरी, नाट्यगीत, भावगीत यांचा श्रोता जागा टिपतो. मी स्वतः या तिसऱ्या रांगेतला. आधी याचा मला थोडा संकोच वाटायचा, जणू हा आस्वादाचा खालचा वर्ग आहे. आता वाटत नाही. मोठा ख्याल ऐकायला मी शिकलो तेच मुळी जागांचं बोट धरून.

'दाद' हा जागेचा जोडीदार. फारसीत दाद म्हणजे न्याय. 'कोर्टात दाद मागितली' यात तो अर्थ अजून जिवंत आहे. जागा घेणाऱ्याला दाद देतो तेव्हा आपण त्याचा न्याय त्याच्या पदरात टाकतो. म्हणून ती वेळेवर यावी. चार ओळी उलटून गेल्यावर आलेला 'वा' पुढच्या सुरांच्या आड येतो.

आणि शेवटचं, राग न ओळखता हा शब्द वापरावा का. जरूर वापरावा. माझ्या आईला यमन आणि भूप यांतला फरक सांगता येत नसे. सांगलीच्या घरी सकाळी रेडिओ लावून ती पोळ्या लाटायची. एखाद्या पदात ठरावीक ठिकाण जवळ आलं की लाटण्याचा आवाज मंदावायचा आणि नेमका तिथे थांबायचा. तव्यावरची पोळी फुगलेली असायची, पण हात लाटण्यावरच. ती जागा गेली की 'हं' म्हणून मान हलवायची आणि पोळी उलटायची. पुढे मी गाणं शिकायला लागलो तेव्हा मास्तरांनी तेच पद घेतलं आणि एका ठिकाणी बोट वर करून म्हणाले, 'ही जागा नीट ऐक.' लाटणं थांबायचं तेच ठिकाण होतं.